लाल दोऱ्याचं पान

एके काळी क्वेम्बागो गावात कोण कसलं औषध मारतो हे कळायला कुणाच्या शेतात डोकवावं लागत नसे. हातातल्या बाटलीच्या गळ्यातला दोरा बघितला की झालं. लाल दोरा म्हणजे कोबीवरच्या अळीचं, पांढरा बटाट्याच्या करप्याचं, पिवळा टोमॅटोवरच्या माशीचं. काळा दोरा उंदराचा. काळा घेऊन कुणी बाजारातून चालला की बाया एकमेकींना कोपराने ढोसत विचारत, "घरातल्या कोणासाठी गं?"

ही दोऱ्यांची रीत काढली म्वानाइदीने, अथुमानी शेकालाघेच्या बायकोने. दुकान अथुमानीचं, पाटीवरचं नाव अथुमानीचं आणि डोकं म्वानाइदीचं, अशी तीस वर्षांची वाटणी होती. उसांबाराच्या त्या डोंगरात ती शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. तेव्हा कंपनीची औषधं लिटरच्या बाटलीत येत. इथली शेतं जिन्याच्या पायऱ्यांसारखी, एकावर एक, हातभर रुंद. लिटरभर औषध घेऊन करायचं काय? मग अथुमानी सोड्याच्या रिकाम्या बाटल्यांत थोडं थोडं ओतून देई. छोट्या बाटलीला लेबल कुठून येणार? म्वानाइदीने जुन्या कपड्यांच्या बाजारातून उसवायला आलेले स्वेटर आणले, त्यांची लोकर सोडवली आणि कंपनीच्या बाटलीला ज्या रंगाचं बूच, त्या रंगाचा दोरा छोट्या बाटलीच्या गळ्यात बांधायला सुरुवात केली.

"अक्षर सगळ्यांना येत नाही," ती म्हणायची, "पण लाल कुणाला कळत नाही?"

आता कंपन्या बोटाएवढ्या बाटल्या काढतात, लेबलासकट. दोरा मागतात ते म्हातारेच, तेही उगीच, दोन शब्द बोलायला मिळावेत म्हणून. म्वानाइदीला जाऊन चार वर्षं झाली. तिचे दोरे मात्र दूधपावडरच्या डब्यात होते तसेच होते, आणि गिऱ्हाईक नसलं की अथुमानी तो डबा उघडून नुसता बसे.

त्या गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, दारात एक तरुण बाई उभी राहिली. तिने आधी बुटांचा चिखल पायरीला खरवडला, मग वाकून "शिकामू, बाबा" केलं. अथुमानीने "मराहाबा" म्हणत वडीलकीचा मान घेतला आणि मनातल्या मनात तिला तोलायला घेतलं. त्याची ती जुनी खोड. बूट पुसले, चांगलं. थोरामोठ्यांशी कसं बोलायचं ते कळतं, चांगलं. पण तब्येत, पाऊसपाणी, शेजारी काही न विचारता थेट पिशवीतून टॅब काढला. शहरात शिकलेली असणार.

"मी नामसिफू. जिल्ह्याच्या कचेरीतून आले."

"नामसिफू? पारे जमातीची दिसतेस."

"हो बाबा."

"अरे देवा! म्हणजे आज इथे काही वाकडं झालं तर कोर्टातच जायचं. तुमच्यात एका कोंबडीसाठी वकील करतात म्हणे."

"कोंबडीसाठी नाही बाबा, अंड्यासाठी. कोंबडी असली तर आम्ही वरच्या कोर्टात जातो."

अथुमानीने स्टूल पुढे सरकवलं. बरोबरीचं उत्तर देणाऱ्या माणसाला उभं ठेवायचं नाही, हा दुकानाचा नियमच होता.

नामसिफूने काम सांगितलं. देशभरच्या दुकानांतली औषधं एकाच ठिकाणी नोंदवायची. मग कुणीही, अगदी बटणांच्या जुन्या फोनवरूनसुद्धा, लेबलावरचा क्रमांक धाडायचा. लगेच उलट निरोप येणार: आत काय आहे, कुठल्या पिकाचं, एका पंपाला किती घालायचं, मारल्यावर किती दिवस भाजी तोडायची नाही, आणि त्यावर बंदी आहे का.

"फुकट?"

"फुकट."

"मग लोकांचा विश्वास बसायचा नाही," अथुमानी म्हणाला. "आणि बाटलीवर लेबलच नसलं तर?"

"मग काय असतं बाटलीवर?"

"दोरा."

ती हसली. अथुमानी हसला नाही. तो उठला, उंदराच्या औषधाचे खोके बाजूला केले आणि खालून एक जाडजूड वही काढली. कडा कुरतडलेल्या, पण बांधणी शाबूत. एकेका पानावर एकेक लेबल, कोमट पाण्यात भिजवून अलगद सोडवलेलं, कसाव्याच्या पिठाची खळ लावून चिकटवलेलं. पानाच्या कोपऱ्यात सुईने ओवलेला दोरा. खाली निळ्या शाईत म्वानाइदीचं अक्षर, उभं आणि टोकदार, तिच्या बोलण्यासारखं. कुणी नेलं, कशावर मारलं, काय झालं. 'अळी मेली. मधमाश्याही मेल्या. फुलात असताना मारू नये.' 'करपा थांबला, पण पावसाच्या आदल्या दिवशी मारलं तर वाया.' 'हात लाल झाले. नेणाऱ्याला हातमोजे दिले, त्याने ते बायकोला भांडी घासायला दिले.'

नामसिफूने तीन-चार पानं उलटली आणि टॅब मांडीवर ठेवून दिला.

"बाबा, कचेरीत आम्ही ज्याच्यासाठी तीन वर्षं पत्रं पाठवतोय ते इथे उंदराच्या औषधाखाली पडलंय?"

"उंदरं औषधाला भीत नाहीत, पण म्वानाइदीला भ्यायची," अथुमानी म्हणाला. पण त्याचा ऊर भरून आला होता. बायकोचं कौतुक ऐकायला मिळून त्याला बरेच दिवस झाले होते.

ती एकेका पानाचा फोटो घेऊ लागली. तो शेजारी बसून सांगू लागला, हा पिवळा दोरा शेजारच्या शेम्वेटाच्या मुलीच्या जुन्या स्वेटरचा, हा निळा मला थंडीत घालायला आणलेला, तो न विचारता उसवला. मध्येच तिचं बोट थांबलं.

"हे पान जाड का?"

"दमट हवा," अथुमानी म्हणाला. "इथे धुक्यात माणसंसुद्धा चिकटतात."

तिने ते पान तसंच उलटलं. अथुमानीने श्वास सोडला. पण त्याला जरा लवकरच सुटल्यासारखं वाटलं होतं.

"तुमच्या वहीत कुणाला अपाय झाल्याच्या नोंदी आहेत, त्या मला जास्त हव्यात," फोटो घेता घेता ती म्हणाली. "मागच्या वर्षी पलीकडच्या डोंगरात एक बाई फवारता फवारता पडली. दोन दिवस शुद्ध नाही. लाल बुचाची बाटली, लेबल फाटलेलं, क्रमांकाचे शेवटचे आकडे तेवढे राहिले होते, चारशे एकोणीस. विकणारे म्हणतात बाईने जास्त घातलं. ती म्हणते, नाही घातलं."

"मग?"

"मग काही नाही. एकटी नोंद आहे. एकट्या नोंदीला सगळे म्हणतात, चूक माणसाची. दुसऱ्या गावातून तीच गोष्ट, त्याच औषधाची आली की मग औषधाची चौकशी लागते. एकमेकांना न ओळखणारी दोन माणसं सारखंच खोटं कशी बोलतील? मध्ये ते औषध बाजारातून गेलं होतं म्हणतात. आता परत आलंय. म्हणून घाई."

अथुमानीचा हात दोऱ्यांच्या डब्यात होता. तो तिथेच राहिला.

तेवढ्यात पायरीवरून आरोळी आली. "ए अथुमानी! मेलास की जिवंत आहेस?"

पाठीवर फवारणीचा पंप घेऊन काओनेका आत आला. अथुमानीच्याच वयाचा, काटकुळा, हसला की एकच दात आधी दिसायचा. त्याची कोबीची पायरी दुकानाच्या अगदी मागे. हंगामात दर दुसऱ्या गुरुवारी तो बाटली विकत घेई आणि मोजायचं काम मात्र अथुमानीकडून करून घेई.

"पाहुणी दिसते. पोरी, याचा चहा पिऊ नकोस, कशात उकळतो देव जाणे. चल अथुमानी, अर्धं बूच घाल."

"अर्धं का?" नामसिफूने त्याच्यासाठी फळीवर काढलेल्या बाटलीचं लेबल बघत विचारलं. "यावर एक बूच लिहिलंय."

"लिहिलं असेल. माझ्या हाताला मोजता येत नाही. सगळ्या गावाला विचार, माझं नावच दोनबूच." तो हसायला लागला. "बावीस वर्षं झाली. लाल दोरा नेला, एक बूच घालतो म्हणून दोन घातली. कोबी जळून गेली, मी तोंडाला फेस येऊन खालच्या दवाखान्यात. मला आठवतं ते एकच. पण आपल्याला आठवतं ते खरं असेलच असं थोडंच आहे? डॉक्टर म्हणाले दोन, बायको म्हणाली दोन, हा अथुमानीसुद्धा..."

"मी काही म्हणालो नव्हतो," अथुमानी म्हणाला.

"तेच ते. तू बोलला नाहीस, तेव्हाच लोकांची खात्री झाली. औषधातलं कळतं तुलाच ना!" तो नामसिफूकडे वळला. "तेव्हापासून अर्धंच. अळ्या खूश असतात. माझ्या कोबीतून चहा गाळता येतो, बाजारात बाया गाळणी म्हणूनच मागतात. तू जेवलीस का? चल, चपाती-उसळ खाऊ. बोलण्यावरून पारेंची वाटतेस. म्हणजे पैसे तू देणार नाहीस, मीच देतो."

पंप दारात टेकवून दोघं समोरच्या खानावळीत गेली. जाताना नामसिफू म्हणाली, "आलेच बाबा. थोडीच पानं राहिलीत."

अथुमानी वहीकडे बघत बसला.

बावीस वर्षांपूर्वी ट्रकमधून खोकं आलं ते नेहमीच्याच दिवशी, बाटल्यांना बुचं नेहमीचीच लाल. म्वानाइदीने बघितलं आणि लाल दोरे कापायला घेतले. फळीच्या सगळ्यात जवळ काओनेका उभा होता, म्हणून पहिली बाटली त्याला. तिसऱ्या दिवशी लेबल वहीत लावायला म्हणून तिने ते भिजवलं आणि ओल्या कागदाकडे बघत तशीच बसली. बूच तेच होतं, आत दुसरंच काहीतरी होतं, जुन्यापेक्षा चौपट जहाल. पंपाला पाव बूच लिहिलेलं. काओनेका तेव्हा डोंगराखाली खाटेवर पडला होता.

उरलेल्या बाटल्यांच्या दोऱ्याला तिने खूण म्हणून गाठ मारली, नेणाऱ्याला पाव बूच बजावलं आणि पुन्हा ते औषध दुकानात येऊ दिलं नाही. गावाला वाटलं, गाठ ही नवी टूम.

"आज जाऊन सांगून ये," ती म्हणाली होती.

"उद्या," अथुमानी म्हणाला होता. त्याचं गणित साधं होतं. लोकांचा लाल दोऱ्यावरचा भरवसा उडाला की पांढऱ्यावरचा उडणार, मग पिवळ्यावरचा, मग पाटीवरच्या नावावरचा. उद्या उद्या करता दहा दिवस गेले. काओनेका खंगून परत आला तोवर त्याच्या आधी त्याचं नवं नाव गावात पोचलेलं होतं. पडलेलं नाव उचलायला कोण जातो?

मग एका शुक्रवारी त्याने वहीतलं त्या लेबलाचं पान समोरच्या पानाला चिकटवून टाकलं. म्वानाइदी दारात उभी राहून बघत होती. ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "खळ माझी आहे. कसाव्याची खळ वाफेने सुटते, लक्षात ठेव."

तेव्हा त्याला तो टोमणा वाटला होता. आता लक्षात आलं, तिने कृती सांगून ठेवली होती.

त्याने स्टोव्ह पेटवला, किटली ठेवली. पाण्याला कढ आला तशी वही तोटीसमोर धरली. बोटं भाजली, चष्म्यावर वाफ बसली. नखाने कड उचलून बघितली, पुन्हा धरली. पानं चुरचुरत एकमेकांपासून सुटली. लेबल अजून तांबडंलाल होतं, इतकी वर्षं अंधारात राहून ताजं. क्रमांकाच्या शेवटी चारशे एकोणीस. कोपऱ्यात गाठीचा दोरा, आपल्या जागी दबून चपटा झालेला. सगळं त्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हती ती तळाची ओळ. खळ लावण्याच्या घाईत त्याने ती वाचलीच नव्हती.

'काओनेका. एक बूच. त्याने बरोबर मोजलं.'

खानावळीतून हसण्याचा आवाज येत होता. पान पुन्हा मिटायला एवढासा वेळ लागला असता. खळ अजून ओली होती. अथुमानीने दोन्ही बाजूंना एकेक वजन ठेवलं, पान उघडं राहावं म्हणून, आणि हाक मारली.

"काओनेका! इकडे ये. खाणं राहू दे."

दोघं आली. अथुमानीने पान दाखवलं. "तळाची ओळ वाच."

"मला चष्मा..."

"मोठं अक्षर आहे. वाच."

काओनेकाने ओळीवर बोट ठेवलं. शाळेत वाचतात तसं एकेक शब्द सोडवत गेला. "काओनेका. एक... बूच. त्याने बरोबर... मोजलं." मान वर केली. "हे म्वानाइदीचं अक्षर."

"हो. बुचाचा रंग तोच होता, औषध दुसरं होतं. लाल दोरा आम्ही चुकीचा बांधला. तू चुकला नाहीस."

"आणि पान चिकटवलं कुणी?"

"मी."

काओनेका खताच्या पोत्यावर बसला. नामसिफूने टॅब छातीशी धरला होता, तशीच उभी.

"बावीस वर्षं माझी कोबी अळ्यांनी खाल्ली," तो म्हणाला. "बायको मला चहात साखर घालू देत नाही. म्हणते, तुझा हात." "म्वानाइदीची कबर मी खणली, अथुमानी. तिथेसुद्धा कुणीतरी म्हणालं, दोनबूच, दोन हात जास्त खणू नकोस. तू बाजूलाच उभा होतास. तू हसलास."

"हसलो," अथुमानी म्हणाला.



नामसिफू हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, ही नोंद मी घातली तर दुकानाचं नावही त्यात जाईल. कुठून विकलं ते गाळता येत नाही. सगळ्यांना दिसेल."

"घाल."

"गावालाही दिसेल."

"ऐकलं मी, पोरी. घाल."

ती फळीवर टॅब ठेवून लिहू लागली. क्रमांक, वर्ष, पीक. अपाय झालेल्या माणसाचं नाव विचारणारा रकाना आला, तेव्हा म्हणाली, "हे रिकामं ठेवलं तरी चालतं."

"रिकामं कशाला?" काओनेका पोत्यावरून म्हणाला. "काओनेका शेम्हिलू. पूर्ण लिही. आणि किती घातलं विचारलंय का?"

"विचारलंय."

"एक. आकड्यात लिही, अक्षरात पण लिही."

शेवटी एक रकाना होता, औषधाला गावात काय म्हणतात. बहुतेक गावांतून तो कोराच येतो, नामसिफू म्हणाली. तिने पानाच्या कोपऱ्यात बघून लिहिलं, 'गाठीचा लाल दोरा', आणि बोट टेकवलं. यंत्राने थोडा वेळ घेतला. डोंगरात सगळ्यालाच वेळ लागतो. मग पडद्यावर त्या क्रमांकापुढे अपायाच्या नोंदींच्या आकड्यात एकाचे दोन झाले.

काओनेका उठला. फळीवरची आपली नवी बाटली उचलली, लेबल डोळ्यांपासून लांब धरलं आणि खिशातून बटणांचा फोन काढून नामसिफूला दिला. "विचार तुझ्या यंत्राला."

तिने क्रमांक धाडला. टुणकन निरोप आला. तिने वाचला, "कोबी. पंपाला एक बूच. चौदा दिवस तोडायची नाही. हातमोजे घाला."

सवयीने अथुमानीचा हात बाटलीकडे गेला.

"राहू दे," काओनेका म्हणाला.

मागच्या नळावर त्याने पंप भरला, हातमोजे चढवले. बूच डोळ्यांच्या रेषेत धरून ओतायला लागला. अर्ध्यावर येऊन सवयीने थांबला. मग पुन्हा ओतलं, कडेपर्यंत, एक थेंब खाली न सांडता. बराच वेळ ते भरलेलं बूच नुसतं बघत राहिला आणि मग पंपात उपडं केलं.

जाताना निरोप घेतला नाही. क्वेम्बागोत निरोपालाच पाव तास लागतो, बायको, पोरं, बकऱ्या, सगळ्यांची खुशाली दोनदा विचारून. त्याने त्यातलं काहीच विचारलं नाही. पंप पाठीवर टाकला आणि बाजारातून चालू लागला. कोबीची पायरी मागच्या बाजूला असताना तो पुढून निघाला, हे अथुमानीने हेरलं.

कांद्याच्या ढिगामागून कुणीतरी नेहमीसारखी हाक दिली. "काय दोनबूच! आज किती?"

काओनेका थांबला. "एक!" तो ओरडला. "तेव्हाही एकच होतं. विचार अथुमानीला!"

बाजाराचा गलका कमी झाला. कांदेवाली, बटाटेवाले, खानावळीतले, सगळे दुकानाकडे बघायला लागले. काओनेकाही वळून उभा राहिला. वाट बघत.

अथुमानीने पान वाळलं आहे का ते बोटाने बघितलं. वही उघडीच दोन्ही हातांवर धरली आणि तो पायरी उतरला.